सहा महिने एअर बेड वापरल्यावर: गादी चांगली, नळीने घात केला

पक्षाघातानंतर बाबांना घरी आणलं, त्याच दिवशी बबलवाला एअर बेड घेतला, म्हणजे साध्या गादीवर अंथरायची, पंपाने फुगे आळीपाळीने भरणारी गादी. परवा रात्री त्यातली हवा गेली, म्हणून हे लिहितेय.

मोटर चालू होती, हिरवा दिवा लागलेला होता आणि बाबा मात्र खालच्या साध्या गादीला टेकले होते. कॉटचा कठडा वर करताना पंपाची नळी निसटली होती. तो दिवा फक्त वीज आहे एवढंच सांगतो. हवा गेली तर ना शिट्टी, ना दुसरा दिवा. पहाटे कूस बदलताना माकडहाडावर लाल चट्टा दिसला. बोटाने दाबून सोडला तरी लाली फिकट होईना, म्हणजे बेडसोरची, एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात. सहा महिने जपलेली कातडी एका नळीपायी गेली. मला रडू आवरेना.

सर्व्हिसवाला म्हणतो मोटर वॉरंटीत, नळी नाही. रोज काढघाल करून नळीचं तोंड सैल होणारच, मग तिथे साधी खिट्टी द्यायला काय हरकत होती? आता पंप पायथ्याशी टांगलाय आणि नळी कठड्यापासून लांब, पायाकडून नेलीय. नवीन घेणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून असंच लावा.

गादीबद्दलचं माझं मत मात्र बदललंय. दुसऱ्या महिन्यात मी तिला कुचकामी ठरवलं होतं, कारण टाचा लाल व्हायला लागल्या होत्या. घरी आलेल्या सिस्टरने आधी वरची गोधडी, रबरी शीट आणि दुमडलेली चादर काढायला लावली. एवढे थर घातल्यावर खालचे फुगे आळीपाळीने फुगले काय नि बसले काय, अंगाला कळतच नाही. एकच पातळ चादर, तीही सैल. हवेचं बटण मी शेवटापर्यंत फिरवून ठेवलं होतं, ते वजनाप्रमाणे खाली आणलं. मग त्यांनी एअर बेडखाली, बाबांच्या कमरेच्या बरोबर खाली, तळहात सरकवून दाखवला: हाताला हाड टेकता कामा नये, मध्ये इंचभर हवा हवी. आणि टाचा कुठल्याच गादीवर सोडायच्या नाहीत. पोटरीखाली उशी घालून त्या अधांतरी ठेवायच्या.

हे हॉस्पिटलात का नाही सांगितलं? डिस्चार्जच्या वेळी फाइल मिळाली, गोळ्यांची पिशवी मिळाली आणि ‘दर दोन तासांनी कूस बदला’ एवढं एक वाक्य. कूस कशी बदलायची ते माझ्याकडून एकदा करून घेतलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. मी बाबांना ओढत होते, त्याने कातडी घासली जाते. उचलायला हवं, खाली चादर घालून दोघांनी.

नाकातल्या नळीने भरवताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर लागते आणि नंतरही निदान अर्धा तास तशीच ठेवावी लागते. तेवढ्यात माणूस खाली घसरतो आणि पुन्हा तेच माकडहाड घासतं. आधी गुडघ्याखालची बाजू थोडी उचलायची, मग डोक्याकडची. घसरणं बरंच थांबतं. हे मला फिजिओथेरपिस्टने सांगितलं, तेव्हा चौथा महिना उलटला होता.

एअर बेड परत करणार नाही. पण तो असला तरी कूस बदलायचा दोन तासांचा नियम आमच्यावरच असतो, आणि वीज जाऊन पंप बंद पडला की तर जास्तच. नवी नळी मागवलीय. तोवर रात्री दोनचा गजर लावते, उठते, आधी तळहात घालून हवा बघते आणि मग बाबांना कुशीवर वळवते.