फेसलिफ्टचे पैसे घेतले आणि गालात दोरे घातले

मी पैसे भरले होते फेसलिफ्टचे, म्हणजे चेहऱ्याची सैल कातडी कापून घट्ट करण्याच्या सर्जरीचे. प्रत्यक्षात माझ्या गालांत विरघळणारे दोरे घातले, हनुवटीपासून डोक्यापर्यंत घट्ट पट्टा बांधला आणि "सर्जरी मस्त झाली, मॅम" म्हणून घरी पाठवलं. फेसलिफ्ट झालेलंच नाही हे मला पुढे महापालिकेच्या हॉस्पिटलात कळलं. तिथल्या प्लास्टिक सर्जन मॅडमनी माझे केस बाजूला केले, दोन्ही कानांच्या पुढून-मागून बोट फिरवलं आणि विचारलं, "छेद कुठे घेतलाय तुमचा?" छेद कुठेच नव्हता.

हे मी नाव न घेता पण सगळं उघड लिहितेय. त्या क्लिनिकच्या बाकावर माझ्यासारख्या बऱ्याच बायका बसलेल्या असत, आणि त्यांतल्या कुणी नंतर तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही. कारण मला ठाऊक आहे. पैसे गेले असं सांगायचं तर आधी चेहऱ्याची सर्जरी करायला गेले होते हे सांगावं लागतं, आणि मग पहिला प्रश्न येतो, "या वयात हे चोचले कशाला?" गुडघ्यांसाठी मी बरंच वजन उतरवलं होतं. गळ्याखालची कातडी लोंबायला लागली, जबड्याची रेघ नाहीशी झाली. आयुष्यभर शाळेत शिकवून कमावलेल्या पैशातून मला ते नीट करून घ्यायचं होतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आपल्या लाजेवर मात्र त्या लोकांचा धंदा उभा आहे.

क्लिनिक चकचकीत होतं. ब्लेझर घातलेली एक तरुण काउन्सेलर समोर बसली. तिने माझ्याच चेहऱ्याचा फोटो टॅबवर घेऊन गाल वर ओढून दाखवले. "सर्जिकल फेसलिफ्ट, पण नव्या टेक्निकने. दीड तासात घरी. दहा वर्षं बघायला नको." किंमत साडेतीन लाख, पण पाडव्याची ऑफर म्हणून दोन लाख चाळीस हजार, आणि ती ऑफर रविवारपर्यंतच. तज्ज्ञ म्हणून ज्यांचा फोटो भिंतीवर होता ते प्लास्टिक सर्जन ठरावीक दिवशीच येतात, "पण सर्जरी सरच करणार," असं तिने मला तोंडी सांगितलं आणि व्हॉट्सॲपवर लिहूनही पाठवलं. रोख दिलेत तर जीएसटी वाचेल, असंही सुचवलं. मी पक्कं बिल मागितलं. कॉस्मेटिक सर्जरीवर 18 टक्के जीएसटी लागतो, तो धरून दोन लाख त्र्याऐंशी हजार दोनशे झाले. थोडी रक्कम मी भरली आणि उरलेल्याचं 'झिरो कॉस्ट ईएमआय' कर्ज तिने तिथल्या तिथे, माझ्या फोनवर आलेला ओटीपी घेऊन, मंजूर करून टाकलं.

बिलावर फेसलिफ्ट हा शब्द नव्हता. 'स्किन रिज्युव्हनेशन अँड लिफ्टिंग पॅकेज' असं होतं. मी विचारलं, तर म्हणाली, "सिस्टीममध्ये सगळ्याच सर्जरीला हेच येतं."

ठरल्या दिवशी भिंतीवरचे सर आले नाहीत. एक तरुण डॉक्टर आले. "सर दुसरीकडे थिएटरमध्ये अडकलेत, मी त्यांचाच असोसिएट." तोवर मला गाऊन घातला होता, चेहऱ्यावर मार्करने रेघा मारल्या होत्या, आणि त्या अवस्थेत पाच-सहा पानी इंग्रजी संमतिपत्र सहीसाठी पुढे आलं. चष्मा पर्समध्ये, पर्स लॉकरमध्ये. भूलतज्ज्ञ नव्हते. गालांत इंजेक्शनं दिली, मला पूर्ण शुद्ध होती. तासाभरात सगळं उरकलं. कानाजवळ टाके नाहीत कसे, असं मी पट्टा बांधताना विचारलं. "लेझरने केलंय, टाके लागत नाहीत," हे उत्तर मिळालं. हे उत्तर पूर्ण खोटं आहे. जास्तीची कातडी काढायची तर ती कापावीच लागते, आणि कापली की शिवावी लागते.

पहिले काही आठवडे चेहरा खरंच ताणलेला, भरलेला दिसत होता. ती सूज होती. याच काळात क्लिनिकने बोलावून फोटो काढले आणि व्हिडिओवर चार चांगले शब्द बोलायला लावले. आता कळतं की 'आधी आणि नंतर'चे कितीतरी फोटो याच सुजेतले असतात. तुम्हाला असे फोटो दाखवले तर 'नंतर'चा फोटो सर्जरीनंतर किती महिन्यांनी काढलाय ते विचारा. वर्षानंतरचा मागा. मान वर केलेली आहे का, प्रकाश समोरून आहे का, केसांनी कान झाकलेत का, तेही बघा. फेसलिफ्टची खरी परीक्षा कानाजवळ असते, आणि तोच भाग बहुतेक फोटोंत दिसत नाही.

सूज उतरली आणि हसलं की उजव्या गालात खड्डा पडायला लागला. कानशिलाजवळ काहीतरी टोचायचं, मग तिथे पुळी आली, पू झाला, आणि एक दिवस दोऱ्याचं टोक बाहेर आलं. क्लिनिकमध्ये फोन केला तर "नॉर्मल आहे", मग "टच-अपला या, डिस्काउंट देतो", आणि मी केसपेपर मागितल्यावर "मॅनेजर रजेवर आहेत". त्या 'असोसिएट'चं नाव मी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर शोधलं. सापडलं नाही. त्यांची पदवी होमिओपॅथीची होती आणि तिच्यापुढे एका खासगी संस्थेचा कॉस्मेटॉलॉजीचा डिप्लोमा.

महापालिकेच्या हॉस्पिटलात मॅडमनी दोरा काढला, जखम धुतली आणि कागदावर चित्र काढून समजावलं. ते मला आधी कुणी सांगायला हवं होतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

फेसलिफ्टचा छेद कानशिलाच्या केसांतून सुरू होतो, कानाच्या पुढून खाली उतरतो, पाळीला वळसा घालून कानामागे जातो आणि तिथून मागच्या केसांत शिरतो. कातडी उचलतात. तिच्याखाली चरबी, आणि त्याखाली एक पातळ पण मजबूत पडदा असतो, डॉक्टर त्याला 'स्मास' म्हणतात. 1976 मध्ये मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, आणि तेव्हापासून या सर्जरीचं स्वरूपच बदललं. आजचं चांगलं फेसलिफ्ट हा पडदा वर उचलून शिवतं आणि मग उरलेली कातडी ताण न देता बसवतं. नुसती खोळ ओढून आतला कापूस जागेवर येत नाही, तसंच हे आहे. फक्त कातडी ओढली तर ती लवकर पुन्हा सैल होते, व्रण रुंद होतात आणि कानाची पाळी खाली ओढली जाते. नीट केलेल्या सर्जरीला दोन ते चार तास, खोलवर काम असेल तर त्याहून जास्त लागतात. ऑपरेशन थिएटर, मॉनिटर आणि भूलतज्ज्ञ लागतात. त्यामुळे 'दीड तासात घरी' हे आश्वासन ऐकलं की समजा, तुम्हाला दुसरंच काहीतरी विकलं जातंय.

दोऱ्यांची प्रक्रिया, थ्रेड लिफ्ट, ही खोटी गोष्ट नाही. पीडीओ नावाचा दोरा सर्जरीत टाक्यांसाठी वापरतात, तोच काटेरी करून कातडीखाली सरकवतात. साधारण सहा महिन्यांत तो विरघळतो, परिणाम फार तर वर्षभर, तोही थोडीशीच कातडी सैल असलेल्या चेहऱ्यावर. माझ्यासारख्या लोंबत्या गळ्याला त्याचा उपयोग नव्हता, आणि हे सुई हातात धरणाऱ्याला माहीत असणारच. किंमतही वेगळी असते. एकाचे पैसे घेऊन दुसरं करणं ही सरळ फसवणूक आहे.

खरी सर्जरी करून घेणार असाल तरी तिचे धोके कुणी हसण्यावारी नेत असेल तर तिथून उठा. सगळ्यांत जास्त आढळणारा त्रास म्हणजे कातडीखाली रक्त साठणं, आणि ते बहुधा पहिल्या चोवीस तासांत होतं. एकाच बाजूला अचानक दुखायला लागलं, सूज वाढत गेली, तर त्याच रात्री सर्जन भेटला पाहिजे. म्हणून रात्री कोण हजर असेल, कुणाचा फोन लागेल, हे आधी विचारायचं. बीपी ताब्यात नसेल तर हा धोका वाढतो, पुरुषांमध्ये तो मुळातच जास्त असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिन, व्हिटॅमिन ई, घरची काढे-चूर्णं, सगळं सर्जनला सांगा. हृदयासाठीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, ज्यांनी सुरू केली त्यांनाच विचारा. आणि तंबाखू. सिगारेटबद्दल सगळे विचारतात, मिश्रीबद्दल कुणी विचारत नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी बायका ती लावतात पण सांगत नाहीत. निकोटीनने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो, कानामागची कातडी काळी पडून मरू शकते. निदान चार आठवडे आधीपासून पूर्ण बंद.

कानाची पाळी बधिर होणं हेही बऱ्याचदा होतं. काही महिने कुड्या घालताना टोचलेलं कळत नाही. चेहऱ्याच्या हालचालीच्या नसेला इजा झाली तर भुवई किंवा ओठाची एक बाजू हलत नाही. बहुतेक वेळा ते काही आठवडे-महिन्यांत भरून येतं, पण नेहमीच नाही. आपल्या वर्णाच्या कातडीला जाड व्रणाची, केलॉइडची प्रवृत्ती असते, कान टोचल्यावर गाठ आली होती का हे आठवून सांगा. आणि फेसलिफ्टने कपाळाच्या आठ्या, पापण्यांची सैल कातडी किंवा वांग जात नाहीत. आरोग्यविमा याचा खर्च देत नाही.

आता माणूस तपासायचा कसा. प्लास्टिक सर्जन म्हणजे एमबीबीएस, एमएसनंतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी (आता तिला डीआरएनबी म्हणतात) केलेला माणूस. 'कॉस्मेटिक फिजिशियन', 'एस्थेटिक एक्स्पर्ट', 'फेलो' या पाट्यांवरून काही सिद्ध होत नाही. नोंदणी क्रमांक मागा, मेडिकल कौन्सिलच्या यादीत बघा, आणि नुसतं नाव आहे एवढ्यावर थांबू नका, प्लास्टिक सर्जरीची पदवी तिथे नोंदलेली आहे का ते पाहा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने सप्टेंबर 2022 मध्ये केशरोपणाबद्दल काढलेल्या सूचनांत स्पष्ट म्हटलंय की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून सौंदर्यासाठीच्या अशा प्रक्रिया सुरू करण्याइतकं प्रशिक्षण होत नाही. ज्या जागेत ऑपरेशन होणार तिला महाराष्ट्राच्या 1949 च्या नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी हवी. ते 'फॉर्म सी' प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं.

पण पदवी तपासून भागत नाही, कारण माझ्याबाबतीत भिंतीवरची पदवी खरीच होती. हात दुसऱ्याचा होता. म्हणून पैसे देण्याआधी एक कागद घ्या: सर्जरीचं नेमकं नाव, छेद कुठे, कोण करणार, भूल कोण देणार, कोणत्या जागी. हीच नावं बिलावर आणि संमतिपत्रावर हवीत. संमतिपत्र आदल्या दिवशी घरी आणा, मराठीत मागा. ऐनवेळी माणूस बदलला तर टेबलावरून उतरायचा हक्क तुम्हाला आहे, रेघा मारून झाल्या असल्या तरी. खरा सर्जन तुम्हाला स्वतः तपासतो, प्रश्न विचारतो, कधी कधी "तुम्हाला याची गरज नाही" असंही म्हणतो. तिथे काउन्सेलर सर्जरी ठरवत नाही आणि रविवारची मुदत नसते.

फसवणूक झालीच असेल तर कागद पहिल्यांदा. केसपेपर मागितल्यावर 72 तासांत देणं नोंदणीकृत ॲलोपॅथी डॉक्टरवर 2002 च्या आचारसंहितेने बंधनकारक आहे. मागणी लेखी करा, पोच घ्या. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच ठरवलंय. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेसाठी तक्रारीची फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. करणारा डॉक्टर मेडिकल कौन्सिलच्या यादीतच नसेल तर महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे, बोगस डॉक्टर शोधणाऱ्या समितीकडे आणि पोलिसांकडे लेखी तक्रार द्या. कर्ज घेतलं असेल तर फायनान्स कंपनीलाही लगेच लिहा. डिजिटल कर्जात सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून, दंड न भरता, बाहेर पडता येतं. ती मुदत कर्जाच्या माहितीपत्रकात लिहिलेली असते. माझं माहितीपत्रक काउन्सेलरने टाकलेल्या भलत्याच ईमेलवर गेलं होतं, ते मला मुदत संपल्यावर मिळालं.

हप्ते अजून कापले जातात. माझी तक्रार जिल्हा आयोगापुढे आहे. क्लिनिकच्या वकिलांचं उत्तर आलंय की मी थ्रेड लिफ्टच मागितलं होतं आणि तशी सही केली आहे. त्या काउन्सेलरचे सगळे मेसेज मी जपून ठेवलेत. "मॅम, प्रॉपर सर्जिकल फेसलिफ्ट आहे, सर स्वतः करणार" हा तिचा मेसेज, तारीख-वेळेसकट, तक्रारीला पहिला पुरावा म्हणून जोडला आहे.