पालकांसह मुस्लिम साहस शिबिर की गिर्यारोहण संस्थेचे शिबिर: निवड करताना काय पाहावे

मुलांना सुट्टीत डोंगरात पाठवू इच्छिणाऱ्या मुस्लिम पालकांपुढे महाराष्ट्रात साधारण दोन पर्याय असतात. पहिला म्हणजे जमात, शाळा किंवा स्थानिक संस्था भरवते ते निवासी शिबिर, ज्यात मुलासोबत वडील, आई किंवा थोरला भाऊही सहभागी होतो. दुसरा म्हणजे गिर्यारोहण संस्थेचे सर्वांसाठी खुले असलेले शिबिर, ज्यात पालक मुलाला सोडून घरी परततात. मुंबईतील १९५४ साली स्थापन झालेल्या गिरिविहारसारख्या संस्थांमुळे या दुसऱ्या प्रकाराला राज्यात जुनी परंपरा आहे. स्काउट-गाइड पथक हा तिसरा मार्गही चांगला आहे, मात्र तो वर्षभराचा असल्याने त्याची तुलना येथे केलेली नाही.

पहिल्या पर्यायाकडे ओढा असण्याचे कारण बहुधा नमाज आणि जेवण हेच सांगितले जाते. प्रत्यक्षात या दोन बाबतींत दोन्ही शिबिरांमधील अंतर वाटते तेवढे मोठे नाही. सह्याद्रीतील शिबिरांचे जेवण पोहे, खिचडी, पिठले-भाकरी, भात-आमटी असेच असते, त्यामुळे हलाल मांसाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. मे महिन्यात उन्हाच्या आधी चढाई संपवायची म्हणून सगळे पहाटेच उठतात, म्हणजे पहाटेची नमाज फजर सांभाळली जाते. दुपारी सावलीत थांबावेच लागते, तेव्हा दुपारची जोहर होते. अडचण सूर्यास्तानंतरच्या मगरिबची असते, कारण तिची वेळ थोडी आणि नेमकी त्याच सुमारास हजेरी, चहा किंवा उतरणीचा शेवटचा टप्पा चाललेला असतो. खुल्या शिबिराच्या प्रमुखाशी आधीच बोलून दहा मिनिटे मागून घेतली, तर ती नाकारली जाण्याचे काही कारण नाही.

मुस्लिम शिबिराचे खरे वेगळेपण या सोयींपेक्षा मुलाला प्रवासातील फिकहची, म्हणजे धार्मिक नियमांची, हाताने ओळख होण्यात आहे. पुण्याहून लोणावळ्याला गेलेला हनफी मुलगा (हनफी आणि शाफई या फिकहच्या दोन परंपरा) मुसाफिर, म्हणजे प्रवासी, ठरत नाही, कारण अंतर सुमारे ६५ किलोमीटर आणि कसरची, म्हणजे प्रवासात नमाज आखूड करण्याची, मर्यादा साधारण ७७ किलोमीटर मानली जाते. तोच या मर्यादेपलीकडील हरिश्चंद्रगडावर गेला तर जोहर, असर (दुपारनंतरची) आणि इशा (रात्रीची) यांच्या चार फर्ज रकाती, म्हणजे नमाजची सक्तीची आवर्तने, दोनवर येतात. कोकणातील शाफई मुलाला प्रवासात जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र करण्याची मुभा आहे, जी हनफी मुलाला नाही. उलट एकाच तळावर आठवडाभर राहण्याचे ठरले असेल तर शाफई मुलाला पूर्ण नमाज पढावी लागते आणि हनफी मुलगा मात्र पंधरा दिवसांच्या आतील मुक्कामात कसरच करतो. रत्नागिरीची आणि पुण्याची मुले एकाच तंबूत असतील, तर हा विषय पहिल्याच संध्याकाळी निघतो, आणि तेव्हा उत्तर देणारा कोणी जाणकार जवळ असलेला बरा.

पाण्याचेही तसेच आहे. तीस जणांनी दिवसातून पाच वेळा वुजू (नमाजपूर्वी हात, तोंड, पाय धुण्याची शुद्धी) केला आणि प्रत्येक वेळी सुमारे सहाशे मिलिलिटर पाणी वापरले, जे हदीसमधील एक मुद्द या मापाच्या जवळचे आहे, तर रोज नव्वद लिटर लागतात. आणि घरच्यासारखा नळ मोकळा सोडण्याची सवय असेल तर याच्या कितीतरी पट. मे अखेरीस गडावरील टाक्यांचा तळ दिसत असताना हा हिशेब पिण्याच्या पाण्याशी जोडूनच करावा लागतो. प्यायलाच पुरेल एवढे पाणी उरले असेल तर तयम्मुम, म्हणजे पाण्याऐवजी मातीने शुद्धी, करावा, हे मदरशात पाठ केलेल्या मुलालाही ते ‘एवढे’ म्हणजे किती, हे तिथेच कळते. किब्ल्याचा, म्हणजे नमाजसाठी काबाकडे तोंड करण्याच्या दिशेचा, धडा तर होकायंत्राच्या धड्यातच मिसळून जातो. मुंबई-पुण्याहून किब्ला सुमारे २८० अंशांवर, म्हणजे नेमक्या पश्चिमेपासून दहा अंश उत्तरेकडे आहे. २८ मेच्या सुमारास भारतीय वेळेनुसार दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य काबागृहाच्या बरोबर माथ्यावर असतो. त्या क्षणी मीटरभर काठी सरळ रोवली तर तिची सुमारे साठ सेंटिमीटरची सावली किब्ल्याच्या बरोबर उलट दिशेला पडते, आणि होकायंत्राचे उत्तर मुलाला स्वतः पडताळून पाहता येते.

येथपर्यंतचे पारडे पहिल्या पर्यायाकडे झुकते. प्रशिक्षकांचा विषय निघाला की ते बरेचदा उलटे फिरते. मौलाना चांगले, स्वयंपाक चांगला, शिस्तही चांगली, पण दोर बांधणारा माणूस मित्राचा मित्र, असे शिबिर टाळलेलेच बरे. राज्याच्या २०२१ सालच्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. ती आहे का, हे दोन्ही ठिकाणी विचारावे. त्यापाठोपाठ प्रशिक्षकांनी उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंग येथील संस्थांचे अभ्यासक्रम पूर्ण केले आहेत का, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोणी घेतले आहे आणि तळापासून सर्पदंशावरील लस असलेले रुग्णालय किती अंतरावर आहे, हे विचारावे. जुन्या गिर्यारोहण संस्थांकडे या प्रश्नांची उत्तरे तयार असतात. नव्या आयोजकाने एखाद्या अनुभवी संस्थेचे प्रशिक्षक बोलावले असतील तर तेही पुरेसे आहे, आणि माझ्या मते असे जोडकाम हाच पहिल्या पर्यायाचा सर्वात भरवशाचा नमुना होय.

अभ्यासक्रमाकडेही बारकाईने पाहावे. परदेशी चित्रफिती पाहून आखलेल्या शिबिरात काटक्या घासून आग पेटवणे, चाकू चालवणे, घड्याळाच्या काट्यांवरून दक्षिण शोधणे असे प्रकार हमखास असतात. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ धरतो, त्यामुळे जंगलात आगीचा खेळ नकोच. घड्याळाची युक्ती सूर्य दक्षिणेकडे असेल तेव्हाची आहे. आपल्याकडे मे महिन्यात तो दुपारी थेट डोक्यावर येतो आणि पुढे काही आठवडे उत्तरेकडून जातो, म्हणजे ती युक्ती शिकलेला मुलगा नेमका चुकीच्या दिशेने चालू लागेल. सह्याद्रीत जीव वाचवणारी कौशल्ये कमी देखणी आहेत: उष्माघाताची लक्षणे ओळखणे, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांची माहिती, दंश झाल्यावर कापणे, चोखणे किंवा आवळून बांधणे टाळून अवयव स्थिर ठेवणे आणि १०८ ला कळवणे, वाट चुकल्यावर दरीत न उतरता आहे तिथे थांबणे. आग्या मोहोळाचाही धडा हवा. धुराने आणि उग्र वासाने या माश्या बिथरतात, म्हणून जुम्म्याच्या दिवशी मुलाने सवयीने अत्तर लावून गडावर जाऊ नये. ही सूचना मुस्लिम शिबिराच्या पत्रकात ठळक अक्षरांत असायला हवी.

पालकांनी सोबत राहण्याला मी आधी निव्वळ सोय समजत होतो, परंतु तोच या प्रकाराचा सर्वात मोठा गुण आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागील धबधब्यात सहलीला आलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. अशा जागी मुले सहसा एकटी नसतात, घरातील मोठी माणसे सोबत असतात. पाणी गढूळ होऊ लागले किंवा वरच्या अंगाला पाऊस दिसू लागला की प्रवाहातून लगेच बाहेर पडायचे, हे केवळ बारा वर्षांच्या मुलाला शिकवून भागत नाही, कारण सहलीत ‘अजून पाच मिनिटे’ म्हणणारा वडीलधारा असतो आणि मुलगा त्याच्यापुढे बोलू शकत नाही. पालकाने मुलाच्या शेजारी बसून तेच ऐकले असेल, तर घरात दोघांचा शब्द एक राहतो.

याची दुसरी बाजूही आहे. वडील समोर असले की मुलगा तंबू उभारताना त्यांच्याकडे पाहत राहतो, आणि बरेच वडील दोन मिनिटांत खुंटी स्वतःच ठोकून मोकळे होतात. दिवसाचा काही भाग पालकांचा गट वेगळा ठेवला जातो का, हे विचारून घ्यावे. नाही म्हणाले तर ते शिबिर नसून कौटुंबिक सहल आहे, आणि खर्च मात्र दोन माणसांचा.

मुलींच्या बाबतीत पहिला पर्याय बहुतेक घरांत निर्णायक ठरतो. मेहरमशिवाय (वडील, भाऊ यांसारख्या, लग्न निषिद्ध असलेल्या जवळच्या पुरुष नातेवाइकाशिवाय) मुक्कामाला पाठवणे ज्या घरात मान्य नाही, तिथे खुल्या शिबिराशी तुलना करण्यात अर्थच नाही. निवड शिबिर आणि घरी बसणे यांच्यात असते. अशा वेळी शिबिरात स्त्री-प्रशिक्षक आहे का आणि मुलींनाही दोरावर चढण्याची तेवढीच पाळी मिळते का, हे पाहावे. काही ठिकाणी मुलींना प्रथमोपचार आणि स्वयंपाक यांतच गुंतवले जाते, आणि शुल्क पूर्ण घेतले जाते.

तारखांचाही विचार हवा. रमजान सध्या उन्हाळी सुट्टीच्या आधीच संपतो, पण बकरीद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येत आहे. भारतात ती २०२४ मध्ये १७ जूनला, तर २०२५ मध्ये ७ जूनला होती. यापुढे काही वर्षे ती मे महिन्यातच येणार असल्याने खुल्या शिबिराचे वेळापत्रक तिच्याशी टक्कर घेऊ शकते.

एकूण, मूल दहा ते तेरा वर्षांचे असेल, मुलगी असेल किंवा पालकांनाच डोंगराची सवय नसेल, तर योग्य प्रशिक्षक असलेले पालकांसह शिबिर निवडावे. पंधरा-सोळा वर्षांच्या, नमाजची सवय जडलेल्या आणि प्रस्तरारोहणात खरा रस असलेल्या मुलाला मात्र गिर्यारोहण संस्थेकडेच पाठवावे, कारण पुढील शिक्षणाची शिडी तिथूनच सुरू होते. नोंदणी करतानाच मगरिबच्या दहा मिनिटांची आणि जुम्म्याच्या दिवशीच्या कार्यक्रमाची चौकशी करावी, आणि मुलाच्या पिशवीत अर्ध्या लिटरची एक वेगळी बाटली फक्त वुजूसाठी द्यावी.