वायरिंग हार्नेसच्या नावाखाली १,७३,३५० रुपये गेले: गाडी मॉडिफाय करणाऱ्यांनी वाचा

हिशेब आधी देतो, कारण "थोडेफार गेले असतील" म्हणणारे मला बरेच भेटले. हार्नेसचा, म्हणजे इंजिनाच्या सगळ्या वायरी आणि कनेक्टरच्या तयार जुडग्याचा, ठरलेला भाव १,४८,००० रुपये. त्यातले ८८,८००, म्हणजे ६० टक्के, आगाऊ. मधेच "कनेक्टर अडकलेत, वरचे भरावे लागतील" म्हणून २३,५००. उरलेले ५९,२०० माल पाठवण्याआधी. कुरिअरचे १,८५०. एकूण १,७३,३५०. आणि या पैशांत जे माझ्या हातात पडलं ते न तपासता जोडलं असतं, तर ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला असता किंवा गाडी पेटली असती.

गाडी जुनी, दोन आसनी स्पोर्ट्स कार. त्यात दुसरं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, मूळच्या जागी बसवलेला स्टँडअलोन (स्वतंत्र) ईसीयू, बॅटरी डिकीत हलवलेली. क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं मोजणारा) वेगळा, कॉइल वेगळ्या, केबलचा थ्रॉटल जाऊन इलेक्ट्रॉनिक आलेला. अशा गाडीत मूळ वायरिंगला तुकडे जोडत बसलं की पुढे बंद पडल्यावर कुठला सांधा सुटला ते शोधण्यातच दिवस जातात. म्हणून इंजिनचा हार्नेस पहिल्यापासून नवा बनवून घ्यायचा ठरवलं. स्वस्तात मिळतोय म्हणून मी या हार्नेस बनवणाऱ्याकडे गेलो, असं कुणी समजू नये. याहून बराच कमी भाव सांगणारे होते, त्यांना मी स्वतः नकार दिला.

हा माणूस बोलण्यात पक्का होता, आणि माझा विश्वास बसला तो याच गोष्टीमुळे. वायर एम२२७५९/३२, म्हणजे टिनचा मुलामा असलेलं तांबं, वर ईटीएफई नावाच्या प्लॅस्टिकचं पातळ आवरण, १५० अंशांपर्यंत टिकणारं. वरून डीआर-२५ ची नळी, गरम करून वायरींवर आवळायची, इंधन आणि तेलाला दाद न देणारी. मधे एक वायर, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, प्रत्येक थर आधीच्या थराच्या उलट दिशेने पिळायचा, म्हणजे हार्नेस वाकवला तरी सगळा ताण एकाच वायरीवर येत नाही. हे सगळं त्याने फोनवर न अडखळता सांगितलं, कोटेशनमध्ये लिहूनही दिलं. ज्याला हे ठाऊक आहे तो ठग असेल, असं कुणाला वाटेल? नुसतं ऐकून कामाची खात्री होत नाही. त्याने बनवलेला हार्नेस ज्याच्या गाडीत चालतोय त्या माणसाशी बोला, गाडी सुरू करून दाखवायला सांगा.

पुढचा खेळ तुम्हाला माहीत आहे. आगाऊ रक्कम, मग फोटो, मग अडकलेला माल, मग "एवढे शेवटचे द्या". मी मुद्द्याचं सांगतो.

तो फोटो. लाकडी फळीवर खिळे ठोकून त्यात अडकवलेला हार्नेस, आणि खाली मेसेज: "दादा, हा तुमचाच. आज नळी चढवतोय." मी फोटो मोठा करून एकेक टोक मोजलं. इंजेक्टरची टोकं सहा होती. माझ्या इंजिनाला चार इंजेक्टर आहेत. मी लगेच विचारलं. गप्प बसलो नाही, हे मुद्दाम सांगतो. उत्तर आलं, "दोन जादा ठेवलीत, पुढे मेथनॉल इंजेक्शन लावायचं म्हणाला होतात ना." आणि मी खरंच तसं म्हणालो होतो, अगदी पहिल्या बोलण्यात! माझंच वाक्य त्याने जपून ठेवलं आणि वेळ येताच माझ्याच तोंडावर मारलं. पण ती सहा टोकं एका रांगेत नव्हतीच. तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला, मधे फाटा. तो व्ही६ इंजिनाचा हार्नेस होता. माझ्या इंजिनाचे चारही इंजेक्टर एकाच बाजूला, एका रेलवर बसतात. मेथनॉलसाठी ठेवलेली दोन टोकं इंजेक्टरच्या रांगेत समोरासमोर वाटून कशाला येतील? फोटो माझ्या डोळ्यासमोर होता, गाडी शेडमध्ये उभी होती, बॉनेट उघडं होतं. पैसे परत मागायची वेळ तीच होती. तेव्हा त्याच्याकडे फक्त ८८,८०० गेले होते. बाकीचे ८४,५५० त्या फोटोनंतर गेले. हा आकडा मला झोपू देत नाही.

फोटो मागायचाच तर त्यात फळीवर तुमचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी हवी, वायरीच्या रिळावरचं लेबल हवं. नुसता हार्नेसचा फोटो कुणाचाही असतो.

अजून एक. त्याने मला लांबी कधीच विचारली नाही. ईसीयू कुठे बसवलाय, फायरवॉलचं (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याचं) भोक डावीकडे की उजवीकडे, तिथून पहिल्या इंजेक्टरपर्यंत किती सेंटिमीटर, काहीच नाही. "बेस गाडीचा टेम्प्लेट आहे माझ्याकडे," एवढंच. इंजिन बदललेल्या गाडीला कसला टेम्प्लेट? हार्नेस बनवणारा खरा असेल तर पैशांआधी मापं मागेल आणि कुठली पिन कुठे जाते याचा तक्ता तुमच्या सहीसाठी पाठवेल. तक्ता नाही तर पैसे नाहीत.

पार्सल आलं तेव्हा मी घाई केली नाही. ईसीयू न जोडता चावी ऑन केली आणि त्याच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावला. सेन्सरना ५ व्होल्ट पुरवणाऱ्या पिनवर बॅटरीचे १२ व्होल्ट येत होते. ईसीयू जोडलेला असता तर आणखी मोठी रक्कम तिथेच जळाली असती. नवा हार्नेस कुणाचाही असो, हे तपासल्याशिवाय जोडू नका.

मग नळी उभी चिरली. आत पीव्हीसीची साधी वायर. सोल्डरिंग आयर्न टेकवताच आवरण मागे सरकून तार उघडी पडली, आणि ही वायर टर्बोच्या शेजारून जाणार होती. २२ गेजच्या खऱ्या वायरीत १९ बारीक तारा असतात, यात ७ होत्या. एक तार ब्लेडने खरवडली तर वरून तांबूस आणि आत पांढरी, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर. टिनचा मुलामा दिलेलं तांबंही वरून पांढरंच दिसतं, म्हणून वरच्या रंगावर जाऊ नका, खरवडून आत लाल आहे का ते बघा. ॲल्युमिनियमला रोध जास्त, आणि गरम-थंड होत राहिलं की क्रिंपमध्ये, म्हणजे वायरीवर पिन दाबून केलेल्या सांध्यात, ते ढिलं पडतं. तारा जागोजागी हाताने पिळून, टेप गुंडाळून जोडलेल्या. क्रँक सेन्सरच्या वायरीवरची शील्ड (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं आवरण) दोन्ही टोकांना अर्थ केलेली, जी एकाच टोकाला करायची असते. फ्युएल पंपाच्या लाइनवर फ्यूज नाही. क्रिंप पकडीने दाबलेले, हलकं ओढलं तरी पिन हातात येत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन बंद.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: "माल मिळाला ना? मग फसवणूक कशी? हा दिवाणी वाद आहे." कोटेशन दाखवलं, चिरलेली नळी दाखवली, खरवडलेली तार टेबलावर ठेवली. साहेबांनी तार उचलून बघितलीसुद्धा नाही. उलट मलाच प्रश्न: "गाडीत हे बदल करायला परवानगी आहे का?" गाडी फक्त ट्रॅकवर चालते, ट्रेलरवरून जाते, हे सांगूनही तेच. तक्रार माझी आणि चौकशीही माझीच! बँकेचं म्हणणं, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात, आम्ही काही करू शकत नाही. ज्या खात्यात पैसे गेले ते गोठवा म्हटलं, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, गुन्हाच दाखल नाही तर पत्र कसलं? ग्राहक तक्रारीच्या अर्जात मालाचा प्रकार निवडायचा होता, आणि यादीत गाडीची वायरिंग कुठेच नव्हती. घरगुती विजेच्या वस्तूंत टाकली. त्यावर उत्तर, अधिकृत सर्व्हिस सेंटरचा अहवाल जोडा. सर्व्हिस सेंटर म्हणतं, मॉडिफाय केलेल्या गाडीला आम्ही हात लावत नाही. अहवाल नाही म्हणून तक्रार बंद, शेरा काय तर "विक्रेत्याने माल पोहोचवला आहे." चोराने चोरी केली, पण यांनी तर त्याला पावती दिली! एकाने तरी मल्टिमीटर लावणाऱ्या माणसाला बोलावून पाहायचं होतं. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट हा मताचा प्रश्न नाही, काटा दाखवतो.

कनेक्टरचे पैसे बनवणाऱ्याकडे देऊ नका, स्वतः विकत घेऊन त्याला पाठवा. शेवटची रक्कम मीटरवर तपासल्यावरच. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, माझ्याकडे तो आहे आणि आता वकील त्याच्याच आधारे नोटीस लिहीत आहेत.

आणि मूळ हार्नेस कुणाच्या हाती देऊ नका. कनेक्टर जुळवून बघायला लागतो म्हणून त्याने माझा मागवून घेतला, तो परत आलेला नाही. कंपनी तो आता बनवत नाही, म्हणजे १,७३,३५० मध्ये त्याची किंमत धरलेलीच नाही. तो कुठेतरी विकायला येणार याची मला खात्री आहे. ओळख सांगतो: फायरवॉलच्या रबरी ग्रोमेटला वरून चीर आहे, अल्टरनेटरकडे जाणाऱ्या फाट्यावर साधारण ४० सेंटिमीटर पिवळी कापडी टेप आहे, आणि तापमान सेन्सरच्या कनेक्टरची क्लिप तुटलेली आहे. असा हार्नेस कुणी दाखवला तर विकत घेऊ नका, विकणाऱ्याचा नंबर आणि फोटो मला पाठवा.