किडनी ट्रान्सप्लांट: लसी आधी घ्याव्यात की नंतर?

मिरजेला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येणारी माणसं बाहेरच्या बाकावर एकमेकांना हेच विचारतात: लसी आत्ता उरकू, की किडनी बसल्यावर बघू? दादाला आईची किडनी बसली, त्याआधी आमच्याही घरात हाच घोळ होता. आता माझं मत पक्कं आहे. जमेल तेवढं आधी घ्या.

नवी किडनी शरीरानं परकी म्हणून नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन अशा गोळ्या चालू होतात. त्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, आणि लसीला तर तीच शक्ती जागी हवी असते. कोविडच्या वेळी हे आकड्यांत दिसलं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2021 मध्ये अवयव बसवलेल्या 658 जणांचं रक्त तपासलं. दोन डोसांनंतरही 54 टक्के लोकांतच अँटिबॉडी सापडल्या. मायकोफेनोलेटच्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांत त्याहून कमी.

डायलिसिसवरच्या माणसातही लस पूर्ण जोरानं लागत नाही, हे खरं. म्हणून तर हिपॅटायटिस बीचा डोस दुप्पट, 40 मायक्रोग्रॅमचा देतात, आणि तोही चारदा: आज, मग पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या महिन्यात. वहिनीनं कॅलेंडरवर चारही तारखांना लाल पेनानं गोल केले होते. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस, म्हणजे हिपॅटायटिस बीविरुद्धच्या अँटिबॉडी, रक्तात तपासतात. आकडा किमान 10 हवा. म्हणजे ही एकच लस सात-आठ महिने घेते. तारखेची वाट बघत बसलात तर ती अर्धीच राहते. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी यादीत नाव असेल तर तारीख मिळतच नाही, फोन येतो आणि निघावं लागतं.

खरा फरक जिवंत लसींचा. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची लस ट्रान्सप्लांटनंतर सहसा देतच नाहीत. दुबळा केलेला विषाणूही अशा शरीरात वाढू शकतो. ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी ती घेतलेली हवी. दादाला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हे आईला काही केल्या आठवेना. शेवटी रक्त तपासून घेतलं. तुम्हीही डॉक्टरांना हे विचाराच.

ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलंय त्यांनी मात्र हातपाय गाळू नयेत. मृत लसी नंतरही चालतात, बहुतेक तीन ते सहा महिन्यांनी; फ्लूची एक महिन्यानंतरही देतात आणि ती दरवर्षी घ्यायची. न्यूमोनियाचीही घ्यावी. नागिणीची नवी लस 2023 पासून भारतात मिळते, ती जिवंत नाही. महाग आहे, पण किडनी बसवलेल्या रुग्णांच्या चाचणीत दर पाचांतल्या चौघांत ती लागू पडली. डोस वाढवल्यानंही फरक पडतो: फ्रान्समध्ये अवयव बसवलेल्या 101 जणांच्या पाहणीत कोविड लसीच्या दोन डोसांनंतर 40 टक्के लोकांत अँटिबॉडी होत्या, तिसऱ्यानंतर 68 टक्क्यांत. लस घेतली की शरीर किडनी नाकारतं, ही भीती अभ्यासांतून खरी ठरलेली नाही. लस लागावी म्हणून स्वतःच्या मनानं गोळी बंद करणं, त्यात मात्र किडनी जाऊ शकते.

आणि घरच्यांनी घ्यायच्या लसी तर आधी-नंतरच्या वादात येतच नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर वहिनी मेडिकलमधून फ्लूची इंजेक्शनं बर्फाच्या पॅकसह थर्माकोलच्या डब्यात आणते, दादासाठी आणि आम्हा सगळ्यांसाठी. घरात तान्हं बाळ असेल तर पोलिओच्या थेंबांआधी डॉक्टरांशी बोला, कारण तो विषाणू जिवंत असतो आणि बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. पोलिओची इंजेक्शनची लस मृत असते. आमच्याकडे बाळाचे लंगोट दादा बदलत नाही, ते काम माझ्याकडे आहे.