पिक्सी कट वाढवताना: कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं एक पार्लर

पिक्सी, म्हणजे अगदी आखूड केस, कापून पस्तावलेल्यांनी आणि आता ते वाढवणाऱ्यांनी इथे जरूर जावं, कारण इथे ‘सगळीकडून थोडं थोडं’ कापत नाहीत. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात; पुढचे हनुवटीपर्यंत यायला वर्षभर तरी लागतंच. मानेवरचे केस मात्र लवकर लांब दिसू लागतात, माथ्यावरचे मागे राहतात आणि पाठीमागे शेपटी येते. म्हणून इथल्या ताई दर ६ ते ८ आठवड्यांनी फक्त मानेवरचे आणि कानामागचे कमी करतात, पुढच्या केसांना हातही लावत नाहीत. हेच बरोबर आहे.

थिनिंगची, म्हणजे केस विरळ करणारी दातेरी कात्री नको, हे बसतानाच सांगा. तिने आत आखूड केस तयार होतात, कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत ते उभे राहतात आणि वाढवलेले महिने वाया जातात. कानावर येणाऱ्या बटांना पिन कशी लावायची तेही नीट दाखवतात: नागमोडी बाजू डोक्याकडे.

सीरमचा आग्रह मात्र खटकतो. त्याने केस चमकतात, वाढत नाहीत. ते पैसे पुढच्या ट्रिमला ठेवा. रविवारी गर्दीत हात घाईचा असतो, मधल्या वारी जा.