अंड्युलेटर करायचाय, पण कुठला? हवेतला, व्हॅक्यूममधला, थंड की सुपरकंडक्टिंग

सिंक्रोट्रॉनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल पळवून एक्सरे काढणाऱ्या यंत्राच्या, कामात नवीन आलेल्या प्रत्येकाचा डोळा सुपरकंडक्टिंगवर असतो. माझं मत आधीच सांगून टाकते, पहिला हवेतला करा आणि पैसे मॅग्नेटपेक्षा मोजमापाच्या बेंचवर घाला.

अंड्युलेटरची मूळ गोष्ट सगळीकडे तीच, उत्तर-दक्षिण आलटूनपालटून मॅग्नेट लावायचे, मधल्या फटीतून इलेक्ट्रॉन नागमोडी पळतो आणि प्रकाश देतो. पिरियड, म्हणजे एका उत्तर-दक्षिण जोडीची लांबी, लहान केला की त्याच इलेक्ट्रॉन एनर्जीत जास्त कडक एक्सरे मिळतात, पण मग फील्ड फटीच्या मधोमध पोचेपर्यंत अर्धमेलं होतं, म्हणून सगळी मारामारी गॅपची, म्हणजे त्या फटीच्या उंचीची. निओडिमियम मॅग्नेट, पिरियड 20 मिमी, गॅप 10 वरून 5 वर आणला तर साधारण 0.45 टेस्लाचं जवळपास 1 टेस्ला होतं.

हवेतल्यात ही उडी मारता येत नाही, कारण फटीत बीमचा पाइप बसलेला असतो. पण सगळं हाताशी असतं, हॉल प्रोब (फील्ड मोजायचा सेन्सर) बाजूने आत घाला, मोजा, शिम (चूक सावरायची पातळ पट्टी) लावा, परत मोजा. इंदूरच्या इंडस-2 सिंक्रोट्रॉनवरचा अ‍ॅपल-2 याच जातीचा, त्यात प्रकाशाचं पोलरायझेशनही बदलता येतं. आमच्याकडे एकदा फील्डचा आकडा रोज संध्याकाळी थोडा सरकायचा, दोन दिवस मॅग्नेट धरणारी जिग उघडून बघितली आणि निघालं काय तर एसी बंद! निओडिमियमचं फील्ड 1 डिग्रीला साधारण 0.1 टक्का पडतं, हे पाठ होतं सगळ्यांना, आठवलं कोणालाच नाही.

व्हॅक्यूममधल्यात पाइपच नाही, मॅग्नेट थेट आत, जपानच्या स्प्रिंग-8 सिंक्रोट्रॉनने हा प्रकार खूप वापरला. लहान गॅप मिळतो पण आतला वायू निघावा म्हणून मॅग्नेट भाजून काढावे लागतात, मग जास्त कोअर्सिव्हिटीचा (सहज डिमॅग्नेट न होणारा) ग्रेड घ्यायचा, म्हणजे थोडं फील्ड सोडायचं. शिवाय 2 मीटर लांब, 50 मिमी रुंद जबड्यात 1 टेस्लाला ओढ सुमारे 2 टन, फ्रेम बनवणाऱ्याचा घाम निघतो.

तेच मॅग्नेट थंड केले की फील्डही वाढतं आणि रेडिएशनने मॅग्नेट मरायची भीतीही कमी होते. निओडिमियमची गोची ही की 135 केल्विनच्या आसपास त्याच्या चुंबकत्वाची दिशाच कलायला लागते, म्हणून थोडं वरच थांबायचं. प्रासिओडिमियमला ते दुखणं नाही, फ्रान्सच्या सोलेय सिंक्रोट्रॉनने तो 77 केल्विनला चालवला. मात्र गार झाल्यावर सगळं आकसतं, गॅप हलतो, म्हणून मोजमापही गार असतानाच. माझ्या मते दुसरा प्रोजेक्ट हाच करावा.

आणि सुपरकंडक्टिंग, म्हणजे मॅग्नेटऐवजी गार तारेच्या कॉइल. अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेने 2013 च्या सुरुवातीला 16 मिमी पिरियडचा स्टोरेज रिंगमधे (इलेक्ट्रॉन फिरत राहतात त्या वर्तुळात) चालवला. रेडिएशनने डिमॅग्नेट व्हायचा प्रश्नच नाही, आणि जोडणी करताना करंट बंद म्हणजे ओढ शून्य, हे फार सुख आहे. पण कॉइलच्या खाचा कोरतानाच चूक झाली की शिम लावून सावरायची सोय जवळजवळ नाही, क्वेंच होतो, म्हणजे कॉइल तापून सुपरकंडक्टिंगपणा एकदम जातो, बीमची उष्णता 4 केल्विनच्या कॉइलपर्यंत पोचू द्यायची नाही. क्रायोची (अतिथंड यंत्रणेची) टीम आधीपासून जवळ असेल तरच हात घाला, नाहीतर तुम्ही अंड्युलेटर नाही, तीन वर्षं फ्रिज दुरुस्त करत बसाल.