विंगस्पॅन आणि विंगस्पॅन एशिया: दहा महिने, ७३ डाव

गेल्या ऑगस्टमध्ये विंगस्पॅन हा पक्ष्यांचा बोर्डगेम घेतला, दिवाळीनंतर त्याचाच आशियातल्या पक्ष्यांचा भाग, एशिया, आणला, आणि प्रत्येक डावानंतर कोण खेळलं, किती गुण, कोण जिंकलं हे एका वहीत लिहायची सवय लावून घेतलीय, त्या वहीप्रमाणे आजपर्यंत ७३ डाव झालेत. त्यातले निम्म्याहून जास्त मी आणि नवरा असे दोघांचे, आठ-दहा डाव मित्रमंडळींसोबत चौघा-पाचजणांचे, थोडे मी एकटीने रात्री खेळलेले, आणि बाकीचे आई आमच्याकडे नाशिकला राहायला आल्यापासूनचे. पहिल्या आठवड्यातलं मत आणि आत्ताचं मत यात बराच फरक पडलाय, म्हणून आत्ता लिहितेय.

ज्यांना अजिबातच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एलिझाबेथ हारग्रेव्ह या बाईंनी डिझाइन केलेला, स्टोनमायर गेम्सने २०१९ मध्ये काढलेला गेम, त्याच वर्षी जर्मनीचं केनरश्पील हे, सरावलेल्या खेळाडूंसाठीच्या गेमला मिळणारं बक्षीसही मिळालं. मूळ बॉक्समध्ये उत्तर अमेरिकेतले १७० पक्षी, प्रत्येकाचं वेगळं पान म्हणजे पत्ता, वेगळं चित्र. तुमच्यासमोरच्या पटावर तीन आडव्या ओळी असतात, जंगल, गवताळ रान आणि पाणथळ. जंगलातून खाणं मिळतं, गवतातून अंडी, पाणथळीतून नवीन पानं. आपल्या टर्नला चारच गोष्टींपैकी एक करायची: पक्षी मांडा, नाहीतर या तीनपैकी एका ओळीचं काम करून घ्या. गंमत अशी की ओळीत जितके पक्षी बसवाल तितकी ती ओळ जास्त देते, वर तिथल्या तपकिरी पट्टीवाल्या पक्ष्यांची पानावर लिहिलेली कामंही उजवीकडून डावीकडे एकेक करून होतात. म्हणजे सुरुवातीला एका टर्नमध्ये एक दाणा मिळत असतो आणि शेवटी शेवटी त्याच टर्नमध्ये खाणं, अंडं, पान असं सगळं एकदम हातात येतं. बोर्डगेमवाले याला इंजिन बिल्डिंग म्हणतात. मला तर ते घर लागत जाण्यासारखं वाटतं, पहिले काही दिवस चहा करायलासुद्धा चार कपाटं उघडावी लागतात आणि मग हळूहळू हात आपोआप जातो.

आणि टर्न मोजून २६ मिळतात, बस्स. चार फेऱ्या, पहिलीत ८, मग ७, ६ आणि शेवटी ५. टर्न कमी कमी होत जातात पण ताकद वाढत जाते, त्यामुळे शेवटची फेरी पाचच टर्नची असून सगळ्यात भरगच्च वाटते. माझ्या मते या गेममधली सगळ्यात हुशार गोष्ट हीच. ७३ डावांनंतरही "अजून एक टर्न हवा होता" असं न वाटलेला डाव मला आठवत नाही.

आता एक चूक, जी तुम्ही करू नका. पहिले जवळजवळ दोन महिने आम्ही पक्षी मांडला की त्या ओळीतल्या बाकीच्या पक्ष्यांची कामंही करून घ्यायचो. तसं नाहीये. पक्षी मांडण्याच्या टर्नला फक्त त्या नव्या पक्ष्याचं मांडतानाचं काम असेल तर ते होतं, ओळ चालत नाही. आमचे गुण १२० च्या पुढे जायचे आणि वाटायचं आपल्याला गेम चांगलाच जमलाय, मग नियम नीट वाचले आणि ८० ते १०० वर आलो, आणि तेव्हा कुठे खरा गेम कळला, कारण मग पक्षी मांडायचा की ओळ चालवायची हा प्रश्न खरोखर अवघड होतो. दुसरं म्हणजे समोर उघडी ठेवलेली तीन पानं टर्न पूर्ण संपल्यावरच पुन्हा भरायची, मध्येच नाही. हे बरेच जण चुकतात.

काय आवडलं यावर खूप लिहिता येईल पण मला मुख्य सांगायचंय ते हे की यात पक्षी नुसते सजावटीला नाहीत. शिकारी पक्षी घ्या. त्याच्या टर्नला गठ्ठ्यातलं वरचं पान उलटायचं आणि त्यावरच्या पक्ष्याच्या पंखांचा पसारा, समजा, ७५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर ते पान याच्याखाली सरकवायचं, म्हणजे शिकार मिळाली, एक गुण. मोठा असेल तर शिकार सुटली. गेमचं नाव यावरून आहे हे मला चौथ्या-पाचव्या डावात लक्षात आलं. किंवा काऊबर्ड म्हणून एक अमेरिकन पक्षी आहे, त्याला स्वतःचं घरटंच नाही, पण दुसऱ्या कुणी अंडी घालायचा टर्न घेतला की हा तुमच्या पटावरच्या वाटीसारख्या घरट्यात एक अंडं घालतो. आईला हे समजावून सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "अगं, ही तर आपल्या कोकिळेचीच बहीण!" नियम तिला परत कधी सांगावा लागला नाही.

आईबद्दल जरा सविस्तर सांगते कारण माझं मत बदललं ते तिच्यामुळे. आई रमीची पक्की, पान कुठलं धरायचं कुठलं टाकायचं हे तिला सांगावं लागत नाही, पण इंग्रजी वाचायचा कंटाळा. अमेरिकन पक्षी घेऊन खेळताना तिला सगळंच परकं वाटायचं, दोन डाव आमच्यासाठी म्हणून खेळली. मग एशियाची पानं काढली. पहिलं पान हिरवट चिमुकला पक्षी, लांब टोकदार शेपटी, आई म्हणाली हा वेडा राघू. मग खंड्या. मग साळुंकी, कावळा, मोर. टिटवीचं पान आलं तेव्हा तिने आधी घरट्याचं चिन्ह बघितलं, जमिनीवरचं होतं, आणि खूश झाली, म्हणाली, "बरोब्बर, टिटवी कुठे झाडावर घरटं करते, ती रानात खळग्यात अंडी घालते, आणि उंचवट्यावर घातली तर त्या वर्षी पाऊस जास्त असं माझे आजोबा सांगायचे." त्या संध्याकाळी तीन डाव झाले. तिसरा तिने जिंकला, ८८ गुण, वहीत आहे.

एशियात ९० पक्षी आहेत, २०२२ मध्ये आला. सगळे भारतातले नाहीत, जपान, चीन, आग्नेय आशिया सगळीकडचे आहेत, पण आपले ओळखीचे भरपूर. माळढोक आहे, ज्यासाठी लोक सोलापूरजवळच्या नान्नजला जायचे. रानपिंगळा आहे, आणि ते पान हातात आलं की मी खेळ थांबवून नवीन माणसाला त्याची गोष्ट सांगतेच: हा घुबडाच्या जातीतला छोटा पक्षी शंभराहून जास्त वर्षं कुणाला खात्रीने दिसलाच नव्हता, संपला असं धरून चालले होते, आणि १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात तो परत सापडला. खानदेशातला पक्षी एका जगभर विकल्या जाणाऱ्या गेममध्ये आहे याचं मला अजूनही फार अप्रूप वाटतं, खरंच.

एशियाचं दुसरं महत्त्वाचं म्हणजे तो स्वतंत्रपणे एक किंवा दोन जणांत खेळता येतो, मूळ बॉक्स लागत नाही. आणि दोघांसाठी ड्युएट नावाचा प्रकार आहे. मध्ये एक सामाईक नकाशा ठेवायचा, पक्षी मांडला की त्याच्याशी जुळणाऱ्या जागेवर आपलं टोकन ठेवायचं, आणि शेवटी आपल्या सलग जोडलेल्या सगळ्यात मोठ्या गटातल्या प्रत्येक टोकनला एक गुण. ऐकायला छोटी गोष्ट, पण मूळ गेमची जी सगळ्यात मोठी तक्रार असते, की प्रत्येक जण आपापल्या पटात डोकं घालून बसतो आणि शेजारी काय चाललंय याचं कुणाला देणंघेणं नसतं, ती दोघांच्या डावात यामुळे बरीच जाते. नवरा मुद्दाम माझ्या दोन गटांच्या मधली जागा अडवतो. आम्ही आता दोघंच असलो की मूळ पद्धतीने खेळतच नाही.

न आवडलेलंही लिहिते. पानांचं नशीब, आणि ते आहेच. सुरुवातीला पाच पानं आणि पाच प्रकारचं एकेक खाणं मिळतं, त्यातून मिळून पाच ठेवायचे, आणि पाचही पानं महागडी आली तर पहिली फेरी अक्षरशः खाणं गोळा करण्यात जाते. मूळ बॉक्समधले दोन रेव्हन पक्षी, एक अंडं टाकून हवं ते दोन खाणं देणारे, ज्याला लवकर मिळतील त्याला उरलेला डाव जेवणाची चिंताच नसते. आम्ही चार महिन्यांनी ते दोन्ही काढून ठेवले आणि बरं वाटलं. दुसरी तक्रार शेवटच्या फेरीची, बऱ्याचदा सगळ्यात फायद्याचं काम म्हणजे नुसती अंडी घालत बसणं, एक अंडं एक गुण, टर्नला चार चार अंडी, त्यापुढे चांगला पक्षी मांडणंही कमी पडतं. यावर एकच उपाय सापडला, फेरीच्या शेवटी गुण देणाऱ्या उद्दिष्टांकडे आणि जादा गुण देणाऱ्या बोनस पानाकडे पहिल्यापासून लक्ष ठेवायचं, म्हणजे शेवटी अंड्यांशिवाय दुसरं काहीतरी करायला कारण उरतं.

पाचजणांत खेळू नका. बॉक्सवर ४० ते ७० मिनिटं लिहिलंय, आमचे पाचजणांचे डाव दोन तासांच्या खाली आले नाहीत, आणि आपला टर्न झाला की पुढचा यायला इतका वेळ की लोक मोबाइल काढतात. तीन उत्तम, चार चालतं. एकट्याने खेळायलाही वेगळ्या पानांचा नीट विचार केलेला प्रकार आहे, नवरा नाइट शिफ्टला असला की मी तोच खेळते, अर्ध्या-पाऊण तासात होतो.

सामानाबद्दल. अंडी खरंच सुंदर, हातात घेऊन खेळवत बसावंसं वाटतं, घरात लहान मूल असेल तर मात्र डाव संपल्यावर मोजून ठेवा, गोळ्यांसारखी दिसतात. खाणं ठरवणारे फासे टाकायचं ते पुठ्ठ्याचं पाखरांचं घर सारखं उघडून मिटून कोपऱ्यांना सैल झालं, आता ते मी न मोडता तसंच माळ्यावर उभं ठेवते. पानांचा दर्जा चांगला आहे पण पावसाळ्यात, विशेषतः सप्टेंबरमध्ये, पानं चक्क वाकायला लागली, बॉक्समध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि ५७ बाय ८७ मिलिमीटरचे स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची पाकिटं, चढवले तेव्हा थांबलं. दोन्ही मिळून २६० पक्षी, म्हणजे स्लीव्हचाच खर्च बराच होतो, तो धरून बजेट करा. शिवाय स्लीव्ह घातलेला एवढा गठ्ठा पिसणं हे दोघांचं काम आहे. माझा पहिला बॉक्स ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतला त्याने नुसत्या पातळ पिशवीत पाठवला, कोपरा पूर्ण चेपलेला, बदलूनही दिला नाही, तेव्हा आधी विचारून घ्या की बाहेरून खोका लावून पाठवतात का.

कुणी कुठला घ्यावा? घरात दोघंच असाल तर थेट एशिया घ्या, मूळ घेऊ नका. किंमत कमी पडते, ड्युएट मिळतं, आणि आईवडिलांना, सासूसासऱ्यांना पक्षी ओळखीचे निघतात, त्यातला मोठा फायदा हा की चित्र बघितल्यावर त्यांना बोलायचं असतं. तिघं-चौघं नियमित खेळणारे असाल तर मूळ घ्या आणि वर्षभराने एशिया त्यात मिसळा, दोन्हींची पानं एकत्र पिसता येतात. युरोप आणि ओशनिया या विंगस्पॅनच्या आणखी दोन पुरवण्यांचा विचार मी सध्या करत नाहीये, २६० मध्येच अजून काही पक्षी असे आहेत जे आमच्या पटावर एकदाही उतरलेले नाहीत.

या जानेवारीत आईला नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात घेऊन गेलो होतो. तिथे तारेवर खंड्या बसला होता, एकदम जवळ, तिने बराच वेळ बघितला. तेव्हापासून तिच्या हातात खंड्याचं पान आलं की ते ती मांडतेच, मग पाणथळ जवळजवळ भरलेली असो की खायला हवं ते नसो, दोन टर्न थांबते पण टाकत नाही. मागच्या रविवारी त्यापायी तीन गुणांनी हरली. मी म्हटलं, "आई, तो टाकला असतास तर जिंकली असतीस." तर म्हणाली, "खंड्या टाकून जिंकायचं? मग रमीच खेळते की."

सध्या मी तिच्यासाठी एशियाच्या प्रत्येक पानाच्या स्लीव्हमध्ये मागच्या बाजूला न दिसेल अशी मराठी नावाची बारीक चिठ्ठी सरकवतेय. आपल्याकडचे झाले, हिमालयातले आणि जपानकडचे अडलेत. मोनालला मोनालच म्हणायचं की दुसरं काही नाव आहे, कुणाला माहीत असेल तर सांगा.